पन्नासच्या नोटेवरची गोल इमारत

नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला वर्गात फारसं कोणी विचारत नाही. इतिहासाच्या तासाला प्रतापगड असतो, आग्र्याहून सुटका असते, मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करतात. आणि त्याच पुस्तकाच्या शेवटी जोडलेल्या नागरिकशास्त्रात काय, तर ‘राज्यसभा हे स्थायी सभागृह आहे.’ आठवीला संसदीय शासनपद्धती. लोकसभा, राज्यसभा, राष्ट्रपती, सर्वोच्च न्यायालय. चौकोन, बाण, परत चौकोन. वर्षानुवर्षं मी हे चौकोन फळ्यावर काढत आले आणि मुलं ते वहीत उतरवत आली. राज्यसभेच्या सदस्याची मुदत किती? सहा वर्षं. गुण घ्यायचा आणि विसरून जायचं.

आम्हा नाशिकरोडकरांकडे मात्र या विषयात शिरायला एक चोरवाट आहे. इथे प्रेस आहे. बाहेरच्या माणसाला प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र आठवतं. आमच्याकडे प्रेस म्हणजे १९२५ साली सुरू झालेलं इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि त्याच्या पाठोपाठ १९२८ साली आलेलं करन्सी नोट प्रेस. एकात पोस्टाची तिकिटं, मुद्रांक, पासपोर्ट, दुसऱ्यात नोटा. वर्गात दोन-चार मुलं तरी अशी निघतातच की ज्यांचे आजोबा प्रेसमधून निवृत्त झालेत, नाहीतर काका अजून तिथे आहेत. त्यामुळे नोट हा आमच्या मुलांच्या कौतुकाचा विषय. मी संसदेचा धडा सुरू करताना पर्समधून पन्नासची जुनी नोट काढायचे आणि उलटी करून धरायचे. मागे ती गोल इमारत, खांबांची रांग. १९७५ साली निघालेल्या पन्नासच्या नोटेवर संसद भवन आलं, आणि गंमत म्हणजे सुरुवातीच्या नोटांवर इमारतीच्या माथ्यावरची काठी मोकळीच आहे, झेंडा नाही. पुढच्या छपाईत झेंडा आला. नोटा जमवणारी मंडळी अजूनही भिंग लावून तेवढंच बघतात. पुढे गांधीजींच्या मालिकेतल्या नोटेवरही तीच इमारत राहिली. २०१७ साली नवी पन्नासची आली तेव्हा मागे हंपीचा रथ बसला आणि माझं साहित्य बाद झालं. जुनी एक नोट मी तेवढ्यासाठी अजून जपून ठेवली आहे.

नोटेवरची ती इमारत प्रत्यक्ष पाहिली ती संसद अजून तिथेच भरत होती तेव्हा. परिसरातल्या तीन-चार शाळांतले आम्ही काही शिक्षक ठरवून गेलो. हिवाळी अधिवेशन चालू असताना जायचं, म्हणजे सभागृह चालताना दिसेल, हा माझा हट्ट. हिवाळी अधिवेशन आणि शाळेचं स्नेहसंमेलन दरवर्षी एकाच मोसमात येतात, त्यामुळे मुख्याध्यापकांनी किरकोळ रजेच्या अर्जावर सही करताना माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मी इथे वर्णन करत नाही. खासदारांच्या कार्यालयातून गॅलरीच्या पाससाठी पत्र मिळालं, राष्ट्रपती भवनाचं पन्नास रुपयांचं आरक्षण ऑनलाइन झालं, आणि पंजाब मेलची तिकिटं निघाली.

पंजाब मेलचा आग्रह आमच्या इतिहासाच्या दुसऱ्या सरांचा. १९११ च्या डिसेंबरात दिल्ली दरबारात पंचम जॉर्जनं राजधानी कोलकात्याहून दिल्लीला नेण्याची घोषणा केली, आणि पुढच्याच वर्षी ही गाडी सुरू झाली. ‘राजधानी बघायची तर राजधानीएवढ्याच जुन्या गाडीनं,’ सर म्हणाले. राजधानी एक्सप्रेस बऱ्याच कमी वेळात पोचवते हे त्यांना कोणी सांगितलं नाही, कारण तिचं भाडं सगळ्यांना माहीत होतं.

दिल्लीत पहिल्या सकाळी आम्ही इंडिया गेटपासून पायीच निघालो. तेव्हा तो राजपथ होता. २०२२ मध्ये कर्तव्यपथ झाला. समोर लांबवर रायसीनाची टेकडी, तिच्यावर राष्ट्रपती भवनाचा घुमट. चालत राहायचं आणि घुमट मोठा होत जाणार, अशी आपली साधी समजूत. पण विजय चौक जवळ आला तसा घुमट खाली बसू लागला. आधी खांब गेले, मग घुमटाचा गळा, आणि चौकात पोचलो तेव्हा चढ तेवढा समोर उरला. मराठीच्या मॅडम तिथल्या तिथे तीन वेळा पुढेमागे चालून आल्या. गणिताच्या सरांनी तेवढ्यात समरूप त्रिकोण सुरू केले.

यामागे दोन वास्तुविशारदांचं भांडण आहे. टेकडीवरचं व्हाइसरॉयचं घर, म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन, एडविन लट्येन्सचं, आणि त्याच्या पुढ्यातल्या नॉर्थ ब्लॉक, साउथ ब्लॉक या सचिवालयाच्या जोडइमारती हर्बर्ट बेकरच्या. सचिवालयंही टेकडीवरच हवीत असं बेकरचं म्हणणं. ते मान्य झालं तेव्हा व्हाइसरॉयचं घर मागे सरकलं, आणि मधल्या रस्त्याचा चढ असा ठरला की खालून येणाऱ्याला ऐन जवळ आल्यावर घरच दिसेना. चढाच्या कागदावर लट्येन्सनं स्वतः सही केली होती. लक्षात आलं तेव्हा त्यानं आकाशपाताळ एक केलं, पण चढ बदलला नाही. साम्राज्याचं सगळ्यात मोठं घर, आणि दारात आलेल्या माणसापासून ते लपतं. मला हे फार आवडलं. दिल्लीतल्या इतर कुठल्याही भव्यतेपेक्षा ही फसगत मी मुलांना जास्त वेळा सांगितली आहे.

आता संसदेचं बघा. या अक्षावर, म्हणजे इंडिया गेट ते घुमट या सरळ रेषेवर, संसद भवन कुठेच नाही. ते उजव्या हाताला, टेकडीच्या पायथ्याशी, जरा तिरकं बसलं आहे. कारण मूळ आराखड्यात ते नव्हतंच. १९१२-१३ साली राज्य चालवायला व्हाइसरॉयचं घर आणि सचिवालय पुरे होतं. सल्लागार मंडळाला व्हाइसरॉयच्या घरातला एखादा दिवाणखाना चालला असता. १९१९ च्या मॉन्टेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आल्या, दोन सभागृहं आणि संस्थानिकांची एक सभा असं ठरलं, सदस्य वाढले, तेव्हा मग त्यांना बसवायचं कुठे हा प्रश्न आला. बेकरच्या मनात त्रिकोणी इमारत होती, लट्येन्सनं गोलाचा आग्रह धरला. १२ फेब्रुवारी १९२१ ला ड्यूक ऑफ कॉनॉटच्या हस्ते पायाभरणी, १८ जानेवारी १९२७ ला लॉर्ड आयर्विनच्या हस्ते उद्घाटन, खर्च ८३ लाख. व्यास ५६० फूट, भोवती १४४ खांब. मुरैन्याजवळच्या चौसष्ट योगिनी मंदिरावरून नकाशा घेतला असं दिल्लीत प्रत्येक माणूस ठासून सांगतो. सांगू दे बापडा.

सांगायचं ते एवढंच की ज्या इमारतीला आपण लोकशाहीचं मंदिर वगैरे म्हणतो, ती तिथे नंतर सुचलेली जोडजागा आहे. फळ्यावर मी संसदेचा चौकोन नेहमी मधोमध काढायचे. जमिनीवर ती कडेला आहे.

नॉर्थ ब्लॉकच्या दारावर एक शिलालेख आहे. आत जायला आम्हाला परवानगी नव्हतीच, बाहेरून वाचला. इंग्रजीत कोरलंय, अर्थ असा: स्वातंत्र्य लोकांपर्यंत उतरून येत नाही, लोकांनीच स्वतःला वर उचलून स्वातंत्र्यापर्यंत न्यावं लागतं, ते वरदान उपभोगण्याआधी कमवावं लागतं. राज्यकर्त्यानं आपल्या कचेरीच्या दारावर हे कोरायचं आणि आत बसून कारभार करायचा! आमच्यातल्या एका सरांना वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते शाळेच्या फळ्यासाठी उतरवून घेतलं. मी म्हटलं, सर, खाली हेही लिहा की हे कोणी कोणाला सुनावलं. तसं पाहिलं तर वाक्य खोटं नाही. पण ज्याच्या छातीवर तुम्ही बसला आहात त्याला ‘उठून दाखव’ म्हणायला वेगळाच निबरपणा लागतो. त्याच आवारात चार खांब उभे आहेत, प्रत्येकाच्या डोक्यावर जहाज: कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या साम्राज्यातल्या स्वशासित भावंडांनी दिलेले. ज्याला स्वराज्य नाही त्याच्या अंगणात स्वराज्य असलेल्यांचे खांब. येणाजाणाऱ्या कारकुनाला रोज दिसावेत असे.

पलीकडे साउथ ब्लॉक. तेव्हा तिथे संरक्षण खातं होतं. चीनच्या युद्धानंतर नेहरूंनी यशवंतराव चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं, ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे आपल्याकडे पाठच आहे. पण यशवंतराव तोपर्यंत मुंबईत मुख्यमंत्री होते, लोकसभेत नव्हते. मंत्री राहायचं तर संसदेत निवडून जायला हवं. ते गेले नाशिकमधून, १९६३ च्या पोटनिवडणुकीत, बिनविरोध. म्हणजे कराडचा माणूस साउथ ब्लॉकमध्ये बसला तो आमच्या गावाच्या पत्त्यावर. हे मी तिथल्या रस्त्यावर जरा मोठ्यानंच सांगितलं असावं, कारण बंदोबस्तावरचा जवान आमच्याकडे वळून बघायला लागला.

राष्ट्रपती भवनाबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. ३४० खोल्या. दरबार हॉलमध्ये (२०२४ पासून गणतंत्र मंडप) राष्ट्रपतींच्या खुर्चीमागे गुप्तकाळातली बुद्धमूर्ती, वर प्रचंड झुंबर. माझं लक्ष खांबांनी वेधलं. लट्येन्सनं या घरासाठी खांबांच्या शिरोभागाची स्वतःची घडण काढली. त्यात चारी कोपऱ्यांना घंटा आहेत, दगडाच्या. मार्गदर्शक सांगतात की घंटा वाजल्या की राजवट संपते अशी जुनी समजूत आहे, म्हणून वाजूच न शकणाऱ्या घंटा बसवल्या, म्हणजे राज्य कायम. १९३१ साली नव्या राजधानीचं उद्घाटन झालं. सोळा वर्षांत खेळ आटोपला.

या सोळा वर्षांपाशी मी अडकले. कारण त्या वर्षांचं आमच्या गावातलं दुसरं टोक मला माहीत आहे. २ मार्च १९३० ला पंचवटीत काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व, आणि जागेवर धुरा दादासाहेब गायकवाडांची. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचा माणूस. काळ्या पाषाणाचं देऊळ, चार दिशांना चार दरवाजे, आणि चारही बंद. सत्याग्रह पाच वर्षं चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. म्हणजे दिल्लीत ३४० खोल्यांचं घर नुकतंच उभं राहिलं होतं, तेव्हा नाशिकमध्ये माणसं एका उंबऱ्यासाठी ऊन-पावसात बसली होती.

आणि १५ ऑगस्ट १९४७ च्या सकाळी, याच दरबार हॉलमध्ये, स्वतंत्र भारताच्या पहिल्या मंत्रिमंडळानं शपथ घेतली. त्यात कायदामंत्री म्हणून बाबासाहेब. व्हाइसरॉयच्या सिंहासनासाठी बांधलेल्या खोलीत. दादासाहेब पुढे १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेले, नंतर राज्यसभेवर. काळारामाच्या दारातून त्यांना आत घेतलं नव्हतं. त्याच जिल्ह्यानं त्यांना दिल्लीच्या गोल इमारतीत पाठवलं. माझ्या मुलांना काळाराम मंदिर कुठे आहे हे विचारावं लागत नाही, संसद कुठे आहे हे सांगावं लागतं. या दोन दारांमध्ये जे अंतर आहे ते पुस्तकातल्या कुठल्याच चौकोनात मावत नाही.

आमच्याकडे शेतजमिनीच्या भानगडी ऐकत लहान झालेल्या कोणालाही माहीत असतं की सातबाऱ्यावर नाव कोणाचं आहे हा एक प्रश्न आणि वहिवाट कोणाची हा दुसरा. दिल्लीच्या या इमारती बघताना मला सारखं तेच जाणवत होतं. बांधल्या कोणी, कशासाठी, हे दगडावर कोरलेलं आहेच. तारखा आहेत, ड्यूक आहेत. पण आपली माणसं आत शिरली आणि त्यांनी तिथे बसायला, उठायला, भांडायला सुरुवात केली. भिंती फारशा पाडल्या नाहीत. राजाजी गव्हर्नर जनरल झाले तेव्हा व्हाइसरॉयच्या खास दालनात झोपायला गेले नाहीत, बाजूच्या साध्या खोल्या घेतल्या. तो रिवाज पुढे राष्ट्रपतींनी चालू ठेवला आणि व्हाइसरॉयची दालनं पाहुण्यांसाठी राहिली. संसद भवनातली तीन सभागृहं म्हणजे तेव्हाची मध्यवर्ती विधानसभा, राज्यपरिषद आणि संस्थानिकांची सभा. पहिल्या दोन ठिकाणी लोकसभा आणि राज्यसभा बसल्या. तिसऱ्या दालनात, जिथे राजेमहाराजे बसायचे, तिथे १९५० पासून आपलं सर्वोच्च न्यायालय भरलं. आठ वर्षं. मुलांना हे सांगितलं की ती नेहमी विचारतात, मग सत्ताविभाजनाचं काय? संसद आणि न्यायालय एकाच छपराखाली? प्रश्न रास्त आहे. एकाच छपराखाली बसूनही स्वतंत्र राहता येतं, आणि वेगळ्या इमारतीत जाऊनही न राहणं शक्य असतं, एवढंच मी म्हणते आणि पुढे जाते. आठवीच्या वर्गात त्यापुढे जायचं नसतं.

न्यायालयाची आजची इमारत टिळक मार्गावर आहे, १९५८ पासून वापरात. शनिवारी लोकांना ती मार्गदर्शकासह बघता येते. पायऱ्या, खांब, घुमट, मधल्या भागात सरन्यायाधीशांचं न्यायदालन, दोन बाजूंना पसरलेले पंख. तराजूच्या रूपावर बेतलेली रचना. या इमारतीचे वास्तुविशारद गणेश भिकाजी देवळालीकर. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याचे ते पहिले भारतीय प्रमुख. आडनाव ऐकताच आमच्या गटात जो कलकलाट झाला तो मार्गदर्शकाला कळेचना. देवळाली आमच्या शाळेपासून रिक्षाच्या अंतरावर! ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे न्यायालयाचं ब्रीद बाजूलाच राहिलं, सगळे देवळालीकरांवर बोलत राहिले.

जेवायला नव्या महाराष्ट्र सदनात गेलो होतो. मिसळीबद्दल नाशिककरानं दिल्लीत मत देऊ नये, म्हणून देत नाही.

संसदेचा दिवस शेवटी ठेवला होता. मोबाइल, पर्स, पेन, सगळं बाहेर जमा. तपासणी, परत तपासणी, परत तपासणी. खासदारांचे स्वीय सहायक आमच्यासोबत होते. अधिवेशन चालू असल्यानं सेंट्रल हॉलमध्ये नेता येणार नाही, दारातून बघून घ्या म्हणाले. दारातून बघितलं. हाच तो हॉल, जिथे ९ डिसेंबर १९४६ ला संविधान सभा पहिल्यांदा बसली, जिथे १४ ऑगस्टच्या मध्यरात्री हंसा मेहतांनी देशातल्या स्त्रियांच्या वतीनं राष्ट्रध्वज सुपूर्द केला, जिथे २४ जानेवारी १९५० ला सभासदांनी संविधानाच्या प्रतीवर सह्या केल्या. आणि मला पहिल्यांदा काय दिसलं, तर पंखे. छत इतकं उंच की वरून पंखा टांगणं शक्यच नाही. म्हणून जमिनीतून खांब वर आलेत आणि त्यांच्या टोकांवर पंखे उलटे बसवलेत. भिंतींवर तसबिरी. टिळकांची आहे, आमच्या भगूरच्या सावरकरांची २००३ मध्ये लागलेली आहे. खाली चहाचे कप घेऊन दोन खासदार गप्पा मारत होते. सहायकांनी सांगितलं म्हणून कळलं, ते परस्परविरोधी पक्षांचे होते आणि अर्ध्या तासापूर्वी सभागृहात एकमेकांवर ओरडत होते.

मग लोकसभेची गॅलरी. पाससोबत ठरलेली वेळ असते, तेवढंच बसायचं. कर्मचाऱ्यानं नुसत्या हाताच्या खुणांनी सगळे नियम सांगितले: रेलिंगवर रेलायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही, बोलायचं नाही. आम्ही शिक्षक, रोज पोरांना हेच सांगणारे, निमूट बसलो. इतकी कडक शिस्त का हे त्या जागेलाच माहीत आहे. ८ एप्रिल १९२९ ला भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त याच सभागृहाच्या गॅलरीत येऊन बसले होते. कामगार विवाद विधेयक मंजूर झालं होतं, विठ्ठलभाई पटेल अध्यक्षांच्या आसनावर होते. बहिऱ्यांना ऐकू जावं म्हणून बॉम्ब टाकले, पत्रकं फेकली आणि पळून न जाता तिथेच उभे राहिले.

खाली हिरवा गालिचा, अध्यक्षांच्या आसनावर ‘धर्मचक्रप्रवर्तनाय’. बाके बरीचशी रिकामी. शून्य प्रहर चालू होता. मला वाटलं होतं मोठं काहीतरी ऐकायला मिळेल. एक सदस्य आपल्या मतदारसंघातल्या स्टेशनावर गाडीला थांबा मागत होते. दुसऱ्यांनी दूध संघाचं काहीतरी काढलं. कोणी कानाला यंत्र लावून भाषांतर ऐकत होतं, कोणी शेजाऱ्याशी कुजबुजत होतं. मराठीच्या मॅडमचा चेहरा पडला. माझा नाही पडला, आणि याचं कारण सभागृहाच्या मधोमध ठेवलेलं ते टेबल.

तिथे प्रतिवेदक बसतात. सभागृहात जो जे बोलेल ते शब्दशः टिपून घेणारे. एक जण मान खाली घालून लिहीत असतो. काही मिनिटं झाली की दुसरा न बोलता येऊन बसतो, लिहायला लागतो, मग पहिला उठतो. मधे एक शब्द सांडत नाही. वर आरडाओरडा होवो, कोणी हसो, हे चक्र चालूच. मी त्या तासात सदस्यांपेक्षा त्यांनाच जास्त पाहिलं. गाडीच्या थांब्याची ती मागणीही त्यांनी तशीच उतरवली. ती छापली जाणार, ग्रंथालयात राहणार, आणि वीस वर्षांनी कोणीही विचारू शकणार की अमुक दिवशी मागितलेला थांबा मिळाला का. संविधान सभेतलं बोलणंही असंच टिपलं गेलं, म्हणून आज आपण ते वाचू शकतो. खांब, घुमट, झुंबरं ही राजेशाहीलाही परवडतात. पण समोरच्या बाकावरचा विरोधक काय म्हणाला तेही जसंच्या तसं लिहून ठेवायचं आणि लोकांना वाचू द्यायचं, याची तिला गरज वाटत नाही. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात प्रतिवेदकांवर एक ओळ नाही.

नवी संसद मी अजून आतून पाहिलेली नाही. २८ मे २०२३ ला तिचं उद्घाटन झालं, त्या सप्टेंबरात कामकाज तिकडे हललं, जुन्या इमारतीला संविधान सदन नाव मिळालं. नवी त्रिकोणी आहे. बेकरला हवी होती तशी, असं मी गमतीनं म्हणते. लोकसभेत ८८८ जणांची सोय, राज्यसभेत ३८४. नॉर्थ आणि साउथ ब्लॉकमध्ये राष्ट्रीय संग्रहालय करायचं ठरलं आहे. जुनी इमारत सोडायला नको होती असं म्हणणारे आमच्या शिक्षक-कक्षात बरेच आहेत. मला तितकंसं वाटत नाही. त्या इमारतीत बसायचं ते आपण भरपूर बसून घेतलं. नव्या दालनात बाकं भरलेली असतात की नाही याची मला जास्त काळजी आहे.

परत आल्यावर पालकसभेत मुलांना दिल्लीला न्यायचा विषय मी काढला. खर्चाचा आकडा ऐकून पालक गप्प झाले आणि तो विषय तिथेच थांबला. मग म्हटलं, सभागृहच दाखवायचं तर नाशिक महापालिकेची महासभा का नको? पण महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात, निवडणुका लांबत गेलेल्या, आणि वर्षांमागून वर्षं प्रशासकाचा कारभार. सभागृह होतं, खुर्च्या होत्या, नगरसेवकच नव्हते. मी लोकनियुक्त प्रतिनिधी हा मुद्दा शिकवत होते आणि एका मुलानं वर्गात विचारलं, ‘मॅडम, मग आत्ता आपला नगरसेवक कोण?’ मी खरं ते सांगितलं. कोणीच नाही.

शेवटी आठवीच्या मुलांना सिन्नर फाट्यापुढच्या एका ग्रामपंचायतीत नेलं. कचेरी दोन खोल्यांची. भिंतीवर नेत्यांच्या तसबिरी, एक कपाट, एक बंद पडलेला संगणक आणि एक चालू. सरपंचबाई होत्या, त्यांनी मुलांना चहा पाजला. ग्रामसेवकांना मी आधीच सांगून ठेवलं होतं की मुलांना इतिवृत्ताची वही बघायची आहे. त्यांनी ती काढून दिली. बहुतेक त्यांना वाटलं, मुलं काय वाचणार. मुलं वाचत बसली. सूचक कोण, अनुमोदक कोण, ठराव क्रमांक किती, विरोधात कोणी बोललं का. एका ठरावात पाण्याच्या टाकीची गळती दुरुस्त केल्याचं आणि त्याचा खर्च मंजूर केल्याचं लिहिलेलं होतं. ‘टाकी कुठाय?’ दोघी मुलींनी विचारलं. टाकी शाळेच्या बसकडे परतायच्या वाटेवरच होती. सगळा वर्ग तिकडे वळला. टाकीखाली पाण्याचं डबकं होतं आणि त्यात एक म्हैस उभी होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या टेबलावर एक अर्ज आणून ठेवला, ग्रामपंचायतीच्या नावे, खाली सगळ्यांच्या सह्या. म्हशीचा उल्लेख तपशीलवार होता. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासलं आणि पाठवा म्हटलं.